ज्याने नेलं, त्याने आणावं

८ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

झालो एकदाचा सुभेदार. काल परेडवर कर्नलसाहेबांनी स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर तारे लावले. एक जरा तिरका लागला, पण साहेबांनी लावलेला म्हणून दिवसभर तसाच ठेवला.

आपल्या पलटणीत आपल्या भागातल्या माणसाला याच्या वर जाता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. वरचे साहेब सगळे बाहेरचे. येतात, दोन-तीन वर्षं राहतात, आपल्या भाषेतलं 'चल' आणि 'थांब' एवढं शिकतात आणि बदलून जातात. मधे उभा सुभेदार. साहेब त्यांच्या भाषेत मला सांगणार, मी ते आपल्या भाषेत हुकूमवहीत लिहिणार, खाली सही माझी, आणि सकाळच्या परेडला मीच ते आठशे जणांना वाचून दाखवणार. वहीत असेल तो हुकूम, वहीत नसेल ती नुसती बडबड. आपले काका सुभेदार होते तेव्हा हेच होतं, आजही हेच आहे.

कर्नलसाहेब नवे आहेत. माणूस हौशी. आल्या आल्या ऑफिसपुढच्या सगळ्या दगडांना चुना लावून घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं की दगड लहानमोठे आहेत, म्हणून एका मापाचे शोधायला वीस जण नदीवर पाठवले. तो हुकूमही मीच लिहिला. हसू नकोस.

मला नवा कोट हवा. इथला शिंपी खांदे असे चढवतो की माणूस कायम 'मला काय माहीत' म्हणतोय असं वाटतं. तूच शिव, आणि काजं तुझ्या काजवालीकडूनच करून घे. तिला सांग, नवरा, म्हणजे आपला भोंगा, मजेत आहे. भोंग्याच्या ट्रकला अजून एक ओरखडा नाही. गावात बस चालवायचा तसाच इथेही वळण नसलं तरी हॉर्न वाजवतो.

तुझा,
धाकटा

२३ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तारा तिरका लागला तर सरळ करून घ्यावा. दिवसभर मिरवायला तो काही लग्नातला हार नव्हे.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचत होते, दगडांपर्यंत आले आणि गप्प झाले. समोर दोघांच्या आया बसल्या होत्या, म्हणजे तुझ्या दोन शिपायांच्या. एक दुसरीला सांगत होती, "माझा सीमेवर पहारा देतो." आणि हा तिचा सीमेवरचा एका मापाचे दगड वेचतोय. लोक घरी बसून लष्कराच्या भाकऱ्या भाजतात, तुम्ही लष्करात जाऊन साहेबाचे दगड रंगवता. मला किळस आली, खरं सांगते. त्यात तू लिहितोस 'हौशी'.

काका नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. त्यांना वाचून दाखवलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "धाकट्याला लिही, प्रत्येक हुकमाच्या आधी तीन शब्द घालायचे. 'कर्नलसाहेबांच्या तोंडी हुकमावरून.' मी अठरा वर्षं घातले म्हणून आज इथे चहा पितोय. साहेबाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. सही तुझी असते." तेव्हा ते तीन शब्द विसरू नकोस.

कोट कापला आहे. काजं तीच करते आहे, आणि जरा जास्तच मन लावून. तिच्या नवऱ्याला तू भरती करून घेतलंस तेव्हा याच दुकानात तिच्यासमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "मी नेतोय, मीच परत आणीन." तुमच्यात भरती करणारा प्रत्येक जण असं म्हणतो, ती रीतच आहे, मला माहीत आहे. पण तिने ते पहिल्यांदा ऐकलं होतं. तुला ती सुभेदारमामा म्हणायला लागली आहे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

कोट अंगाला असा बसला की कर्नलसाहेबांनी सुद्धा शिंपी कोण म्हणून विचारलं. काजं पाहून दोन साहेब खाली वाकले.

काकांचे तीन शब्द मी आठ दिवस घातले. मग साहेबांनी कारकुनाकडून वही त्यांच्या भाषेत करून घेतली आणि मला बोलावलं. रागावले नाहीत, उलट हसले. म्हणाले, "सुभेदार, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" आणि खांद्यावर हात ठेवला. त्यानंतर रविवारच्या चहाला सगळ्यांना बोलावणं आलं, मला आलं नाही. मी समजायचं ते समजलो. ते तीन शब्द आता बंद आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं?

मार्चच्या एकोणीस तारखेला जनरलसाहेब येणार आहेत, त्यामुळे सगळ्या पलटणीला झाडझूड लागली आहे. जनरलसाहेबांना प्रवासानंतर गरम पाण्यात पडून राहायला आवडतं असं कुणीतरी कर्नलसाहेबांच्या कानावर घातलं. पाहुण्यांच्या खोलीतल्या टबला डाग आहेत, म्हणून नवा मागवला आहे. पांढरा, चार पायांचा. रेल्वेने येईल.

माझं खरं काम सांगायचं तर स्टेशनच्या वाटेवरच्या ओढ्याचा लाकडी पूल. मी खाली उतरून खांबात चाकू खुपसून पाहिला, अख्खं पातं आत गेलं. दोन खांब पार कुजलेत. 'भरल्या गाडीला पूल बंद' असं त्याच दिवशी वहीत लिहून वाचूनही दाखवलं. आता टेकडीला वळसा घालून जावं लागतं, चार तास जास्त लागतात.

काकांना एक विचार. साहेबांनी असं काही सांगितलं, जे माझ्या सहीने लिहायला हात धजत नाही, तर काय करायचं?

तुझा,
धाकटा

४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

चहाला बोलावलं नाही म्हणून तू खट्टू झालास! पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालास. चहा हवा तर माझ्याकडे ये, काका रोज तीन कप संपवतात, चौथा तुझा.

तुझा प्रश्न त्यांना विचारला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहिते. "साहेब ते तीन शब्द लिहू देत नसेल, तर त्याचा वेडा हुकूम लिहूच नये. तोंडी आला, तोंडी पुढे द्यावा. कोरं पान कुणाचं नाव घेत नाही." एवढं बोलून त्यांनी कप पुढे केला. मला पटलं. मी अडाणी बाई, मला पलटणीतलं काय कळणार, पण तुझी मान मोकळी राहावी एवढं मला नक्की कळतं. तसंच कर.

टबाचं वाचून काजवाली इतकी हसली की तिच्या हातातली सुई पडली. म्हणाली, "चार पाय आहेत तर चालत का नाही येत?" भोंग्याची पत्रं येतात. चार ओळी ट्रकवर आणि एक हिच्यावर. ती ती एकच ओळ वाचते आणि बाकीच्या मला वाचायला देते.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तार मिळाली असेल. १८ तारखेला संध्याकाळी ओढ्यावरचा पूल कोसळून भोंगा गेला. पूल बंद असल्याचा लेखी हुकूम असताना त्याने भरलेली गाडी पुलावर घातली. चौकशी झाली आणि निष्कर्ष तसाच निघाला आहे. हुकूम मोडून गेलेल्याचं नाव गावातल्या पलटणीच्या दगडावर कोरत नाहीत, हे तिला हळूहळू सांग.

त्याची पेटी एका शिपायाबरोबर पाठवली आहे. मला येता येत नाही. इथे बरीच कामं आहेत.

धाकटा

६ एप्रिल

सुभेदारास,

हळूहळू सांग म्हणतोस. मेला हे मी तिला एका वाक्यात सांगितलं, कारण ते तारेत एका वाक्यातच होतं. ती समोरच्या मशीनवर बसली होती. तिने हातातलं काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला आणि मग उठली. हुकूम मोडला, हे मात्र सांगायला मी चार दिवस लावले. त्यावर ती पहिल्यांदा बोलली. "मावशी, तो रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवायचा. तो बंद पुलावर जाईल?"

तुझा शिपाई पेटी घेऊन आला. बिचारा दारात उभा राहून घाम पुसत होता. ती म्हणाली, "ही मी घेणार नाही. ज्याने नेलं, त्याने आणावं." शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पेटी परत न्यायला सांगितली, कारण तुमची रीत तिला बरोबर पाठ होती. भरती करणारा स्वतः पेटी घेऊन येतो, काका सुद्धा पाच वेळा असे गावात आले होते. पेटी आता स्टेशनवरच्या सामानाच्या खोलीत पडून आहे.

परवा भोंग्याचं पत्र आलं. त्याने ते १८ तारखेला स्टेशनवरच्या टपालपेटीत टाकलं होतं. तिने वाचलं आणि माझ्या मशीनवर ठेवलं. त्यात असं आहे:

"टब घ्यायला आलोय. आपली कॉट मावेल एवढा आहे. परत येताना पुलावरून यायचंय. मी म्हटलं पूल तर बंद आहे, तर सुभेदारमामा म्हणाले, आजच्या दिवस जा, हळू घाल. मामा म्हणालेत म्हणजे बघूनच म्हणाले असतील."

मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "पान कोरं आहे ना?" मी म्हटलं असावं. "मग धाकटा सुटला," म्हणाले आणि कप पुढे केला. त्यांची शिसारी आली, आणि मग आठवलं की कोऱ्या पानाचं ते शहाणपण मीच माझ्या अक्षरात लिहून तुला पाठवलं होतं, वर 'मला पटलं' असंही लिहिलं होतं. काकांची खुर्ची मी माळ्यावर टाकली आहे. माझी कुठे टाकू?

मला एकच सांग. तू त्याला जा म्हणालास की नाही?

ताई

२० एप्रिल

ताई,

म्हणालो.

रेल्वे सहा तास उशिरा येणार असं सकाळीच कळलं. जनरलसाहेब दुसऱ्या दिवशी पहाटे पोचणार होते आणि टेकडीच्या वळशाने टब वेळेत बसला नसता. कर्नलसाहेब म्हणाले, पुलावरून आणा. मी खांबांचं सांगितलं. ते म्हणाले, "पूल आपणच बंद केलाय, आपणच उघडू. एका दिवसासाठी लिहायची गरज नाही." ताई, मला त्या वेळी बरं वाटलं. मला लिहायचंच नव्हतं. काकांनी सांगितलेलं आयतं साहेबांच्या तोंडून आलं. माझी मान मोकळी राहणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भोंग्याची मान डोक्यात आलीच नाही.

तो ट्रकची काच पुसत होता. त्याने विचारलं, "मामा, वहीत येणार ना?" मी म्हणालो, "तू जा रे, मी आहे."

आता बाकीचंही ऐक, अर्धवट सांगून मला झोप यायची नाही. ट्रक उलटला तेव्हा टब बाहेर फेकला जाऊन वाळूत पडला. एका पायाजवळ नखाएवढा टवका उडाला, बाकी काही नाही. ट्रक काढायला दोन दिवस लागले, टब काढायला अर्धा तास. साहेबांनी तो धुऊन जागेवर बसवून घेतला. भोंग्याला पाहुण्यांच्या खोलीमागच्या कोठीत ठेवलं होतं, कारण तीच एक खोली गार असते. सकाळी जनरलसाहेब टबात पडून गुणगुणत होते. मधल्या व्हरांड्यात मी तुझ्या हातचा कोट घालून टॉवेल घेऊन उभा होतो. एका हाताला टब आणि एका हाताला भोंगा. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, टब कुठून आणला, फार छान आहे. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी सलाम केला. त्या सलामाची मला अजून घाण येते.

चौकशीला तीन साहेब बसले होते. पंधरा मिनिटांत आटोपलं. त्यांना आपली भाषा येत नाही, म्हणून शिपाई काय सांगतात ते त्यांच्या भाषेत मीच सांगत होतो. ट्रकच्या मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं, "सुभेदारांनी जा म्हटलं, मी तिथेच होतो." मी ते वाक्य गाळलं. नुसतं म्हणालो, "हा तिथेच होता." मेकॅनिकला वाटलं मी सगळं सांगितलं. त्याने मला दारात नमस्कार केला.

आता काय करू? मला शाबासकीचं पत्र मिळालंय. निवृत्तीला तीन वर्षं आहेत.

धाकटा

२९ एप्रिल

सुभेदारास,

काय करू म्हणून मला विचारतोस? मागच्या वेळी विचारलंस तेव्हा मी काय सांगितलं ते पाहिलंस ना.

तुझं पत्र वाचून मी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि हात धुतले. दोनदा धुतले. माझ्या सख्ख्या भावाने आधी साहेबाला टॉवेल दिला आणि मग एका मेलेल्या माणसाच्या बाजूने बोललेलं वाक्य गिळलं. कर्नलाचं काय घेऊन बसायचं, तो परका, कुणाच्या आईच्या ओळखीचा नाही. तो उद्या जाईल. तू ह्याच गल्लीतला आहेस. पलटणीला आपली का म्हणतात? मधला माणूस आपला असतो म्हणून. कुंपणानेच शेत खाल्लं, मग राखणीला कुणाला ठेवायचं?

वही तुझ्याकडे आहे. वाचायचं तोंडही तुझंच आहे. काकांचे ते तीन शब्द आता लिही, पण पुढे स्वतःचंही लिही. आठशे जणांनी ऐकलं पाहिजे.

काजवालीला मी तुझं पत्र वाचायला दिलं. तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. तिने वाचून घडी घातली. एवढंच म्हणाली, "पेटी अजून स्टेशनवर आहे ना?"

ताई

२१ मे

ती. ताईस,
नमस्कार.

१२ तारखेला सकाळच्या परेडला वाचलं. वहीत लिहिलेलं तसंच तुला उतरवून देतो.

"१८ मार्च रोजी कर्नलसाहेबांच्या तोंडी हुकमावरून मी, सुभेदाराने, बंद असलेल्या पुलावरून भरलेला ट्रक आणण्याचा हुकूम चालकाला दिला. चालकाने पूल बंद असल्याचं सांगितलं होतं. हुकूम मी लिहिला नाही. चौकशीत मेकॅनिकचं वाक्य मी गाळलं. चालकाने हुकूम मोडला नाही, पाळला."

आठशे माणसं उभी होती, कुणी पापणी हलवली नाही. कर्नलसाहेब नेहमीसारखे छाती काढून उभे होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. मी संपवल्यावर त्यांनी रोजच्यासारखा सलाम घेतला आणि "छान" म्हणाले. मेकॅनिक पुढच्या रांगेत होता. तो माझ्याकडे पाहतही नव्हता.

दुपारपर्यंत कारकुनाने साहेबांना त्यांच्या भाषेत करून दिलं. मग मला ऑफिसात बोलावलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वहीच्या पानांवर क्रमांक घातलेले असतात, त्यामुळे ते पान फाडता आलं नाही. वरून नवे साहेब आले. या वेळी चौकशीला शिपायांची बोली त्यांच्या भाषेत सांगायला कारकून बसला. दोन दिवसांत उरकलं. हुकूम देणारा मी म्हणून मला काढून टाकलं आहे. तारे आणि बटणं सरकारी, ती काढून घेतली. कोट माझा, तो दिला. कर्नलसाहेबांची बदली झाली. कुठे, तर जनरलसाहेबांच्या कार्यालयात, एक पायरी वर. त्यांनी टब सोबत नेला.

भोंग्याचं नाव दगडावर कोरायचा हुकूम मात्र निघाला आहे. एवढं एकच झालं.

मी ९ जूनच्या गाडीने येतोय. एक विनंती आहे. स्टेशनवरची पेटी तू सोडवून तिच्याकडे पोचती कर. मी दुकानात मागच्या दाराने येईन. तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही. लिहायचं ते मी लिहिलं, वाचायचं ते वाचलं. आणखी काय करू?

धाकटा

३० मे

धाकट्यास,

नाव कोरलं. पाथरवट दोन दिवस बसला होता. काजवाली गेली, बोटाने अक्षरं चाचपली आणि परत येऊन मशीनवर बसली. काका तिच्याशी बोलायला आले होते. तिने मान वर केली नाही, तेव्हा ते उभ्या उभ्याच गेले. त्यांना बसायला खुर्ची नव्हती.

साहेबाने टब नेला हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. तो टवका त्याला रोज दिसो. यापलीकडे त्या माणसासाठी माझ्याकडे शब्द नाही आणि शोधायचाही नाही.

पेटी मी सोडवणार नाही. सामानाच्या खोलीतल्या माणसाला सांगून ठेवलंय की पेटीच्या मालकाला जो घेऊन गेला होता तो ९ तारखेला येईल. ती जड आहे. हमाल करू नकोस.

मागचं दार मी खिळे मारून बंद केलं आहे. पुढच्या दाराने ये. ती दारासमोरच्याच मशीनवर बसते, हे तुला माहीत आहे.

तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. आणखी काय करू, हे तू विचारलंस, म्हणून तिलाच विचारलं. ती म्हणाली, "वहीतलं मी वाचलं. आता मामांनी पेटी माझ्यापुढे ठेवावी आणि तोंडी सांगावं."

ताई